हलकं मुसळ

आई, तुला वाचता येत नव्हतं हे मला पहिली ओळ लिहितानाच आठवलं, पण आता कागद मांडीवर घेतलाच आहे तर लिहिते. मला तरी कुठे नीट येतं? ठाण्याला मावशीकडे ठेवली होतीस तेव्हा एक पावसाळाभर मडमेच्या शाळेत गेले, तेवढीच माझी विद्या. जोडाक्षर आलं की मी अजून थांबते, चढावर बैल थांबतो तशी. तू म्हणाली होतीस, "शिकून काय करणार, उखळाला वाचून दाखवणार?" उखळाला नाही, तुला दाखवते आहे. गुरुवारी मानपाड्याकडची गाडी बाजारातून परत जाईल तेव्हा तिच्याबरोबर निरोप धाडायचा आहे. माझ्या नातीला त्या घरी द्यायची की नाही, एवढाच निरोप. माझा मुलगा म्हणतो, "तू सांगशील तसं." म्हणजे माझ्यावर टाकून तो स्टेशनात कामाला गेला मोकळा. आणि मला विचारायला तू सोडून कोण आहे?

आधी तुला तुझी पणती दाखवते. अशी पोर आपल्या घरात झाली नव्हती, आई. बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. वखारीच्या शेटजींची चाल करून दाखवते, पोट पुढे काढून, हातात नसलेली छत्री टेकत टेकत. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "काय गं, सारखी हसतेस, दात पडतील." तर ही म्हणते, "तुमचे असेच पडले का?" मी रागावले, पण पदर तोंडावर धरून रागावले. कोंबड्यांशी भांडते, भाकरी थापताना भाकरीशी बोलते, आणि रात्री माझे पाय चेपताना झोप येईपर्यंत सगळ्या आळीच्या नकला. हे गेल्यापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोलणं व्हायचं. ही मोठी झाली आणि माझा दिवस पुन्हा भरला. मी तिच्यावरून जीव ओवाळून टाकते, लोक हसतात, हसू देत.

पण तिच्या डोळ्यांचं पांढरं कसं आहे सांगू? हळदीच्या हाताने पुसल्यासारखं. कळलं ना तुला? माझ्या पाठच्या धाकटीचं होतं तसंच. कोंबडीमागे अंगणभर धावते आणि मग खांबाला धरून उभी राहते, बोलणं बंद. एवढी बोलकी पोर गप्प झाली की घर कसं होतं ते तुला सांगायला नको. थंडीत हाडं दुखतात म्हणून रडते, मग मी तव्यावर कोंडा तापवून फडक्याच्या पुरचुंडीने गुडघे शेकते, तू शेकायचीस तसे. आणि पाठीला कान लावते. तू धाकटीच्या पाठीला कान लावून डोळे मिटायचीस, मला वाटायचं तुला झोप लागली. आता कळतं तू काय ऐकत होतीस. आत काळीज नुसतं वाजत नाही, प्रत्येक ठोक्यामागे काहीतरी फरफटत जातं, ओलं पोतं जमिनीवरून ओढल्यासारखं.

वखार आठवते का, असं तुला काय विचारायचं, तुझं अर्धं आयुष्य तिथे गेलं. खाडीच्या बंदरावर भाताचे मचवे लागायचे, भात वखारीत यायचं आणि आपण बायकांनी ते कांडायचं. जमिनीत पुरलेली उखळं, एकेका उखळाला दोघी दोघी, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. बाहेरून येणाऱ्याला नुसती धडधड वाटायची, पण आपल्याला आवाजावरून कळायचं कुठल्या उखळावर कोण आहे. जोडीत एक दमली की दुसरीचाही ताल मोडतो, म्हणून दमणारीबरोबर कुणी उभं राहत नसे. धाकटी कामाला आली तेव्हा तिच्याबरोबर कोण उभं राहिलं? तू. आणि मग बायका काय म्हणायच्या ते मला पाठ आहे. "आली गं सरकारची लेक, हिला खुर्ची द्या." "अगं, वारा घाला कुणीतरी, राणीला घाम आला." तू उलट एक शब्द बोलायची नाहीस. एरवी तुझी जीभ काय कमी होती?

मग तू ते मुसळ करून आणलंस. सगळ्यांची मुसळं खैराची, जड. तू सुताराकडून शिवणीच्या हलक्या लाकडाचं करून घेतलंस, उंचीला आणि जाडीला अगदी खैराच्यासारखं, खाली लोखंडी कडं तेवढं बारीक. मग तेलात काजळ कालवून ते काळं केलंस, चुलीवर धरून धुरवलंस, पुन्हा तेल लावलंस. मी विचारलं, "नवीन मुसळ काळं का करतेस?" तू म्हणालीस, "नव्याला नजर लागते." मला ते खरं वाटलं, मी तशीच होते. दुसऱ्या दिवशी धाकटी कांडायला उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने मध्ये थांबून उखळाचा काठ धरला नाही. तू स्वतः सगळ्यात जड मुसळ घेतलंस. तुझ्या घावाने भात सुटायचं, तिच्या घावाने नुसता ताल राहायचा. आणि तिचा श्वास चढला की तू तुझं मुसळ एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचीस, जशी काही हौसच आहे, तेवढ्यात तिला एक श्वास जास्त मिळायचा. एवढं सगळं तू रोज करायचीस आणि बायकांना वाटायचं मायलेकी सावकाश कांडतात.

एकदा एका बाईने मला विचारलं, "तुझी बहीण सारखी बसते का गं?" मी म्हणाले, "ती आजारी असते." तू मागेच होतीस. कोंड्याने भरलेला हात माझ्या गालावर बसला, पाचही बोटं उठली, आणि घरी जाईपर्यंत तू मला ती पुसू दिली नाहीस. घरी चुलीपाशी बसवून म्हणालीस, "आजारी हा शब्द पुन्हा काढायचा नाय. दमते म्हणायचं. दमणारी पोर लोक घेतात. आजारी कोण घेत नाय." मग स्वतःच पदर ओला करून माझा गाल पुसलास आणि मला गुळाचा खडा दिलास. तो गूळ मी धाकटीला नेऊन दिला, तिने अर्धा तोडून मला परत दिला. हे उगीच आठवलं, लिहायचं नव्हतं.

तुझं म्हणणं खरं झालं. दमणारी पोर लोकांनी घेतली. खडवलीच्या बाजूचं घर, चांगलं खाऊनपिऊन, फक्त पाणी नदीचं आणि नदी खाली, घर वर. वऱ्हाड निघालं तेव्हा ते मुसळ आपल्या दाराआड उभं होतं. मी तुला म्हणाले, "हे तिच्याबरोबर दे की." तू म्हणालीस, "लेकीबरोबर मुसळ धाडतं का कोण? त्यांच्याकडे उखळ नाय असं व्हायचं." मग त्याच्याकडे बघत उभी राहिलीस. पुढच्या उन्हाळ्यात तिकडचा माणूस आला. दारात बसला, पाणी प्यायला, आणि मग बोलला. चढावर हंडा घेऊन बसली ती उठली नाही. घरचे म्हणायचे सोंग करते, बसू दे. आणि जाताना तो आणखी एक बोलला, तिच्या सासूचं वाक्य, "कुणी सांगितलं असतं तर पाण्याला धाडली नसती." ते खरं होतं का खोटं, देव जाणे, मेल्यावर सगळेच चांगलं बोलतात. पण ते तू ऐकलंस का, आई? तू आत होतीस, भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच थांबला. मी तुला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू वखारीत गेलीस आणि ते हलकं मुसळ घेऊन एकटीच कांडत राहिलीस, एक घाव आणि एक रिकामी जागा, एक घाव आणि एक रिकामी जागा. 

तर आता या पोरीचं. माझा मुलगा आगगाडीच्या नोकरीत रूळ बदलणारा सांधेवाला आहे, म्हणून गाडीवाल्यांच्या दवाखान्यात आम्हाला जाता येतं. गोरा डॉक्टर, तोंडावर पुटकुळ्या, वयाने माझ्या मुलाहून लहानच. त्याने नळी लावून पोरीची छाती ऐकली. मग तिला म्हणाला फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन परत ये, चालत. ही कसली चालते, घंटेवाल्याची नक्कल करत गेली आणि परत आली तेव्हा ओठ पांढरे, खांदे वरखाली. त्याने पुन्हा नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग कंपाउंडर सांगायला लागला, साहेब म्हणतात काळीज मोठं झालंय, रक्त पातळ आहे, पातळ रक्त सगळीकडे पोचवायला काळजाला जास्त धावावं लागतं, बसलेली असताना चालून जातं, काम केलं की पुरं पडत नाही. मी विचारलं, "रोगाचं नाव काय?" कंपाउंडरने साहेबाला विचारलं. साहेबाने मान हलवली. म्हणे, नाव मला माहीत नाही, पण हिला ओझं उचलायला लावू नका. लोखंड घातलेलं औषध दिलं, त्याने पोरीचे दात काळे झाले आणि तिला नवीन नक्कल मिळाली, दात काळे केलेल्या म्हातारीची. मला तो डॉक्टर बरा वाटला. माहीत नाही म्हणाला ना.

मागच्या आठवड्यात मानपाड्याच्या बाजूने पाहुणी आली पोर बघायला. मुलाची आई. अंगाने भरलेली, तोंडात पान, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. आपल्यात अजून तीच रीत आहे, बघायला आलेली बाई पोरीबरोबर उखळावर उभी राहते. माझ्या सुनेने पोह्यांचं ताट पुढे केलं तर म्हणते, "पोहे मागून. तोंड काय, चुना लावला तरी गोरं दिसतं. हात बघू दे." मी ठरवलं होतं पोरीच्या जोडीला मी उभी राहीन, बाई फक्त बघेल. पण ती उठली, पदर खोचला आणि भिंतीजवळचं जे पहिलं हाताला लागलं ते मुसळ उचललं. तेच, तुझं, तू गेल्यावर मी आणून ठेवलेलं. जड म्हणून जोर लावून उचललं आणि तिचा हात भलताच वर गेला, भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा. मुसळ वाशाला लागलं. माझा मुलगा चटईची काडी मोडत बसला. सुनेची खोबरं किसायची खरखर थांबली.

"हे कुणाचं?" बाईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पोर म्हणाली, "माझं. दिसायला जड, उचलायला हलकं. तुम्हाला पायजे तर घ्या, पण मग मला तुमचं उचलावं लागंल, आणि मी मरंन." हसत म्हणाली. तिला वाटलं विनोद झाला.

बाई माझ्याकडे बघायला लागली. आई, तेव्हा माझा गाल गरम झाला, तुझी पाच बोटं तिथे अजून आहेत. दमते म्हणायचं हे ओठावर आलं होतं. पण मी म्हणाले, "पोर आजारी आहे." आणि मग थांबलेच नाही, सगळं सांगितलं. काळीज मोठं आहे, हाडं दुखतात, डोळे बघा, पाणी लांबून आणायला सांगाल तर नको, माझी बहीण अशीच गेली, हे मुसळ तिचं. सून दाराआड गेली, तिला वाटलं आता स्थळ गेलं. मलाही तेच वाटलं.

बाईने पान थुंकलं, तोंड धुतलं, आत आली. हलकं मुसळ पोरीच्या हातात दिलं आणि स्वतः खैराचं घेतलं. "ये, कांड," म्हणाली. आणि आई, ती कशी कांडत होती सांगू? पोरीचा श्वास चढला की मुसळ या हातातून त्या हातात.  तुझ्यानंतर कुणाला असं कांडताना मी पाहिलं नव्हतं. मध्ये तिने पोरीला विचारलं, "काय गं, तुला गाता येतं का?" पोर म्हणाली, "गाता येतं, पण कांडताना गायला श्वास उरत नाय." बाई म्हणाली, "मग मी गाते, तू नुसतं हसू नको, माझा आवाज गाढवाचा हाय." पोर हसली, ताल मोडला, दोघी हसल्या. पायलीभर भात कांडायला सकाळ गेली. कुणी घाई केली नाही.

जाताना परसात ती माझ्या जवळ आली. हळू आवाजात, तिचा हळू आवाज म्हणजे आपला साधा, म्हणाली, "माझा भाऊ असाच होता. पिवळे डोळे, हाडांची रड. आमच्या बाने त्याला हलकी कुदळ करून दिली होती, लोकांना दिसू नये म्हणून तिला चिखल फासून ठेवायचा. मिशी फुटेपर्यंत राहिला. मला रीत माहीत हाय. आमची विहीर अंगणात हाय, चढ नाय. पोर द्या. आणि ते मुसळ बरोबर धाडा, दुसरं काय नको." मी तिचे हात धरले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, सुखाचं. धाकटीला अशी सासू मिळाली असती तर, हे मनात आलं.

ती गेली आणि मी अंगणात भात पाखडायला बसले, आणि सुखाचं पाणी तिथेच आटलं. सुपात दोन-चार तांबडे दाणे होते. तांबडा दाणा तुसात असतो तोवर पांढऱ्यासारखाच दिसतो, कांडल्यावर कळतो. एकाच शेतातलं बियाणं पुन्हा पुन्हा पेरलं की तो वाढतो, हे तूच सांगायचीस, म्हणून दुसऱ्या गावचं बियाणं आणायचं. मग माझ्या मनात आलं. माझी बहीण अशी. माझी सून मी कुठून आणली? माझ्याच मावसभावाची लेक, घरातल्या घरात, ओळखीचं म्हणून. मुलगा ठणठणीत, सून ठणठणीत, आणि पोर ही अशी. आणि आता या बाईचा भाऊ तसाच. तिचा मुलगा मी पाहिला आहे, धट्टाकट्टा आहे, डोळे पांढरे स्वच्छ. पण माझा मुलगाही स्वच्छच आहे. पोरीला उद्या लेकरं झाली आणि त्यांचे डोळे पिवळे निघाले तर? मला कुणी शिकवलेलं नाही, कदाचित हे खुळ असेल. डॉक्टरला नाव माहीत नाही तिथे मला काय कळणार. पण ज्या घराला हा त्रास कळतो त्या घरात तो आहेच, नाहीतर कळला कसा असता? आणि ज्या घरात तो नाही त्यांना ती सोंग करते असंच वाटणार. डोंगराकडचं दुसरं स्थळ आलेलं आहे, शेत मोठं, माणसं निरोगी, पाणी लांब. तिथे बियाणं नवीन मिळेल आणि पोर जाईल.

हे मी मुलाला सांगितलं. तो जेवत होता. घास हातात धरून ऐकलं आणि म्हणाला, "आई, आज कुणाला जगवायची? हिला, का अजून न झालेल्या पोरांना?" मी म्हणाले, "दोघांना." तो म्हणाला, "मग तू सांग कसं." आणि ताट सारून उठला. रागावला नव्हता. मग मी पोरीला विचारायचं ठरवलं. तुला आवडणार नाही, आपल्यात पोरीला कोण विचारतं. पण धाकटीला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, हे आपल्याला कधी कळलं नाही ना.

आज सकाळी दोघी उखळावर होतो. मी तिला सगळं सांगितलं, बाईच्या भावाचं, तांबड्या दाण्याचं, डोंगराकडच्या घराचं. ती कांडत ऐकत होती. मला वाटलं रडेल. म्हणाली, "ती बाई माझ्यासाठी गाढवासारखी गायली, आजी. मी तिच्याकडे जाईन. पोरं झाली आणि माझ्यासारखी झाली, तर त्यांना नकला शिकवीन. आणि त्यांच्यासाठी मुसळं काळी करायला मला येतं, तू शिकवलंस." एवढं बोलून तिला धाप लागली, आम्ही थांबलो. हे उत्तर आहे का, आई? मला माहीत नाही. पण मला दुसरं कुठलं मिळालेलं नाही, म्हणून गुरुवारी होकार धाडते आहे. बाईला तांबड्या दाण्याचंही सांगणार आहे. न सांगता पोर द्यायची नाही, तेवढं मी तुझं मोडते. मुसळाला तेल लावून दाराशी उभं केलं आहे, या वेळी ते जाणार.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तू कुठल्या गावी आहेस ते टपालवाल्याला कुठे माहीत. पण एक सांगायचं राहिलं, ते सांगते आणि चूल पेटवायला उठते. सकाळी धाप उतरल्यावर आम्ही पुन्हा कांडायला लागलो तेव्हा मला एकदम बरं वाटायला लागलं, हात हलके, छाती मोकळी. अलीकडे माझी पण धडधडते, कुणाला बोलले नाही. मला वाटलं होकार ठरला म्हणून बरं वाटतं आहे. मग खाली पाहिलं तर शिवणीचं मुसळ माझ्या हातात होतं. थांबलो तेव्हा पोरीने गुपचूप बदललं होतं. समोर ती, खैराचं जड मुसळ उचलत, माझ्याकडे न बघता, आणि माझा श्वास चढला की या हातातून त्या हातात. मी ते तिच्याकडून काढून घेतलं, तिला रागावले. पण लगेच नाही घेतलं, आई. थोडे घाव तसेच घातले.